पात्रिक पिराचे दिवे

सतरा मार्चला दुपारी दोन वाजता इब्राहीमची ड्युटी संपली. कागदावर संपली. खरी संपली ती पाच वाजून दहा मिनिटांनी, बर्फाच्या पेटीवर बसल्या बसल्या, आणि मगरिबच्या अजानीला, म्हणजे रोजा सोडायला, तेव्हा अजून अर्धा तास बाकी होता.

मधल्या तीन तासांत काय झालं ते कोणी सरळ सांगत नाही. जो तो आपल्या सोयीचं सांगतो. म्हणून झालं तसं सांगायचं, कोणाला राग येवो नाहीतर लोभ येवो.

सौदीत जुबैलला समुद्राच्या कडेला कंपनीच्या इंजिनेरांचं कंपाउंड आहे. उंच भिंत, गेटवर पहारा, आत शंभरेक बंगले, पोहायचा तलाव, क्लब. बहुतेक गोरे राहतात. त्या क्लबच्या किचनात इब्राहीम बावीस वर्षं आचारी. त्याचा धाकटा भाऊ हम्माद त्याच शहरात कामगारांची बस चालवतो, कॅम्पातून प्लॅन्टवर न्यायचं, प्लॅन्टवरून कॅम्पात आणायचं. दोघं रत्नागिरीच्या बाजूचे, खाडीच्या तोंडावरच्या गावातले.

त्या कंपाउंडात आयर्लंड देशाची दहा-बारा घरं आहेत. त्यांचा एक संत आहे, पॅट्रिक, सतरा मार्च त्याचा दिवस. त्या दिवशी सगळं हिरवं. कपडे हिरवे, केक हिरवा, पोरांच्या तोंडाला हिरवा रंग. आयरिश दहा घरं, पण त्या दिवशी अख्खं कंपाउंड आयरिश होतं. आणि ह्या वर्षी सतरा मार्चला सतरावा रोजा आला. दोन सतरा एका दिवशी.

रमजानात मुसलमान कामगाराला सहा तासांच्या वर कामाला लावायचं नाही, असा इथला कायदा आहे. आठ ते दोन, खलास. सुबोध तिथला सुपरवायझर. नाशिकचा. इतकं गोड मराठी बोलतो की ऐकणाऱ्याला वाटावं माहेरचं माणूस भेटलं. त्याने कायदा मोडला नाही. तो कशाला मोडेल, शिकलेला माणूस. त्याने एक कागद केला, इंग्रजीत, वर मथळा 'व्हॉलंटियर', म्हणजे स्वखुशीने आलेले. दोन वाजल्यावर जो थांबेल तो कामाला थांबलेला नाही, हौसेने थांबलेला आहे. खाली नऊ जणांच्या सह्या. इब्राहीमची चौथी.

आता सही का केली. इब्राहीमचा ईदच्या रजेचा अर्ज सुबोधच्या टेबलावर होता. सहा वर्षांत एक ईद घरी झाली नव्हती. सुबोध म्हणाला, "इब्राहीमभाई, तुम्ही इथे करा, मी तिथे करतो." हसून म्हणाला. दोन कागद शेजारी शेजारी ठेवून.

सतरा मार्चलाच पहाटे, हम्माद बस काढत असताना, त्याला इब्राहीमचा फोन आला होता.

"सुबोधला मी आत्ताच फोनवर सांगून टाकला," इब्राहीम म्हणाला. "जेवन करीन. पन दिव्यांना यंदा हात लावनार नाय. शिडीवर चढला की छातीत भरतंय."

"गोली घेतलीस?"

"ती जिभेखाली ठेवायची हाय. इफ्तार झाल्यावर ठेवीन."

"अरे भाय, दुखेल तेव्हा ठेवायची ती! इफ्तारला खजूर खातात, गोली नाय."

"तू बस चालव. माझा रोजा माझ्याकडं."

हे शेवटचं बोलणं. हम्मादच्या डोक्यात ते रोज एकदा तरी फिरतं, आणि दर वेळी तो दात खातो. भावावर खातो, स्वतःवर खातो. तेव्हाच बस वळवून गेला असता तर. पण पंचेचाळीस माणसं बसमध्ये बसलेली, सहाची शिफ्ट. कोण वळवतो.

दोन वाजले. इब्राहीमने किचन धुवून घेतलं. पाच मोठी पातेली मटण, त्यांचा तो सोडा घालून केलेला पाव, सगळं तयार. तो खोलीवर निघाला. सुबोधने दारात गाठलं. इलेक्ट्रिशियन आला नव्हता, खोबर शहरात अडकला होता, आणि बागेतल्या खजुरांवर दिव्यांच्या माळा लागायच्या होत्या.

माळा कुठल्या, तर सौदीच्या राष्ट्रीय दिवसाच्या. सप्टेंबरात लागतात त्याच. त्याही हिरव्या, हा सणही हिरवा, नवीन कशाला घ्या. पण त्या माळांमध्ये छोटे छोटे झेंडे ओवलेले असतात आणि झेंड्यावर कलमा असतो, अल्लाचं नाव. तो पार्टीत लावायचा नाही, जमिनीला लागू द्यायचा नाही, पायाखाली तर नाहीच नाही. हे सुबोधला माहीत होतं, पण हात लावायची भीती. काही चूक झाली तर नोकरी जाईल. म्हणून इब्राहीम. पत्र्याच्या स्टोअरमध्ये बसून त्याने दीड तास एकेक झेंडा सोडवला, घडी घातली, वरच्या कपाटात ठेवला. पिंटू प्लंबर तिथेच पाइप शोधत होता. बिहारचा आहे, पन्नाशीला आलेला, खोटं बोलणारा माणूस नाही. तो सांगतो, इब्राहीम घामाने निथळत होता आणि डावा हात सारखा झटकत होता. पिंटूने पाण्याची बाटली पुढे केली. "चाचा, पी लो. अल्ला माफ करेगा." इब्राहीम म्हणाला, "अल्ला करेगा. मैं खुद को नहीं करूँगा."

साडेचारला तो बाहेर येऊन पायरीवर बसला. सुबोध आला. घड्याळ बघितलं. म्हणाला, "इब्राहीमभाई, झेंडे झाले ना? आता एवढ्या सहा झाडांवर चढवून द्या. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही. मग खलास, झोपा."

"साहेब, सकाळी सांगितलं होतं मी."

"हो, सांगितलंत. पण आता कोण आहे दुसरं? आणि उद्या तुमची रजा पाठवायचीय ना वर?"

एवढंच. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. गळा कापायला सुरी धारदार लागते, आवाज नाही लागत.

इब्राहीम सहा झाडांवर चढला. सहा वेळा उतरला, नीट, एकेक पायरी. पडला नाही, हे लक्षात ठेवा, कारण नंतर कोणीतरी असंही पसरवलं की शिडीवरून पडला. तो खाली आला, बर्फाच्या पेटीवर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. पिंटू म्हणतो, एकदा मोठा श्वास घेतला, आणि पुढचा घेतलाच नाही. शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी होती. दहाच्या दहा.

हम्मादला आता लोक विचारतात, की तो तर हे दिवे दरवर्षी लावायचा ना? लावायचा. अकरा वर्षं लावले. कोणी न सांगता लावले. तेही सांगायला पाहिजे, नाहीतर ही गोष्ट अर्धी होईल.

गावात त्यांच्या घराला एक मान आहे. बंदरावरच्या पिराचा उरूस भरतो, संदलची मिरवणूक निघते, तेव्हा दर्ग्याचा पहिला दिवा ह्यांच्या घरचा. आजा लावायचा, मग बाप. बापानंतर इब्राहीमने लावायचा, पण इब्राहीम इथे, बर्फाच्या पेट्या उचलत. उरुसाला एकदाही जमलं नाही. इथे पीर, दर्गा चालत नाही, असलं काही मोठ्याने बोलायची सोय नाही, बोलूही नये, ज्याचा देश त्याचे नियम. तर अकरा वर्षांपूर्वी नोरा मॅडम नावाची आयरिश बाई किचनात आली आणि म्हणाली, आमच्या संताचा दिवस आहे, पाव कसा करायचा ते मी दाखवते. इब्राहीमने पाव शिकून घेतला आणि विचारलं, दिवे कोण लावणार? तिला काय माहीत. ती म्हणाली, तुला लावायचे असतील तर लाव.

त्या रात्री जेवताना हम्मादने त्याची टर उडवली होती.

"कोन रं ह्यो पात्रिक?"

"पीर हाय त्यांचा."

"पीर? दाढी हाय काय?"

"फोटोत हाय. लांब, पांढरी. तुझ्या सासऱ्यावानी."

"मग उधारी पन मागत असेल."

"हसू नको. मॅडमनं सांगितला मला. सोला वर्षांचा होता, दर्यातल्या चोरांनी पकडून नेला. परमुलुखात सहा वर्षं मेंढ्या राखल्या, दुसऱ्याच्या. मग पलून घरी गेला. आनि मग काय केला म्हायती हाय? परत आला. त्याच मुलुखात."

"येडा काय?"

"येडा कशाला? एक्झिट मारून गेला आनि री-एंट्रीच्या विजावर आला. आपल्यातलाच."

हम्माद पोट धरून हसला होता. तेव्हापासून दोघांत त्याचं नाव पात्रिक पीर. रजा मंजूर झाली नाही की इब्राहीम म्हणायचा, "पात्रिकाची पन सहा वर्षं मंजूर नव्हती."

तर हौस होती. खोटं कशाला बोला. पण ती हौस अकरा वर्षांची होती. ह्या एका दिवसाची नव्हती. ह्या दिवशी त्याने तोंडाने नाही म्हटलं होतं. अकरा वेळा हो म्हणणाऱ्याने बाराव्या वेळी नाही म्हटलं तर ते नाही कोणी ऐकायचंच नाही का?

हम्माद हॉस्पिटलात पोचला तेव्हा इफ्तारची तोफ वाजली होती की नव्हती, त्याला आठवत नाही. डॉक्टर म्हणाला, तीन वाजता आणला असता तर. कागदांसाठी इकामा पाहिजे, राहण्याचं कार्ड, ते इब्राहीमच्या खोलीवर, कंपाउंडात. म्हणून साडेसातला हम्माद कंपाउंडच्या गेटातून आत शिरला.

आणि दिवे लागले होते.

सहाच्या सहा खजूर, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, हिरवे. गाणं चालू. पोरं तोंडाला रंग फासून धावतायत, एक जण हिरवी लांब टोपी घालून मटण वाढतोय. इब्राहीमच्या हातचं मटण. कोणीतरी म्हणालं की सुरुवातीला एक मिनिट गप्प उभे राहिले होते सगळे. एक मिनिट! बावीस वर्षांची किंमत नाही विचारत कोणी, पण एक मिनिट सांगतात आणि वर मान हलवतात.

हम्मादने कोणाशी भांडण केलं नाही. तो भिंतीकडे गेला, माळांची वायर जिथे लावली होती तिथे, आणि प्लग उपटला. बाग काळी झाली. लोक "ओऽऽ" करून हसले, त्यांना वाटलं फ्यूज गेला. दोन मिनिटांत पिंटू धावत आला, हम्मादला बघितलं, पण त्याचीही नोकरी आहे, त्याने प्लग परत लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नोरा मॅडम तिथे खुर्चीवर रडत बसली होती. तिने हम्मादचा हात धरला. म्हणाली, मी बंद करा म्हणाले होते, बाहेरचे पाहुणे आले म्हणून त्यांनी ऐकलं नाही. आणि म्हणाली, "ही लव्ह्ड इट, यू नो. ही लव्ह्ड धिस डे." बाई मनाची चांगली. पण हम्मादला त्या क्षणी तिचा हात झटकून टाकावासा वाटला, कारण ती बोलली ते खरं होतं आणि तेच खरं उद्या कोणाच्या तरी कामाला येणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोहरच्या नमाजनंतर जुबैललाच माती दिली. लोक खूप आले. जो तो म्हणाला, रमजानात मौत, रोज्यात मौत, नशीबवान. तिसऱ्या दिवशी रात्री हम्मादने गावी भाबीला, शरफुन्निसाला, फोनवर तेच सांगितलं, की लोक असं म्हणतायत.

"नशीबवान म्हननाऱ्याच्या तोंडात माती," शरफुन्निसा म्हणाली. "तुला इथला काय म्हायती नाय. कोनीतरी व्हिडिओ धाडलाय. हिरवे दिवे, पोरी नाचतायत, दाढीवाला सोंग. वरती लिवलाय, आपला इब्राहीम गोऱ्यांच्या जत्रेत गेला, रोजा सोडून."

"कोनी लिवला?"

"कोनी लिवला ता सोड. मशिदीजवल उभा राहून लोक इचारतात, इब्राहीमनं तिथं रोजा मोडला काय? पोरगी शालेत गेली नाय दोन दिस. हम्माद, कागदावर काय लिवलाय ता बघ. कामावर मेला म्हनून लिवलाय, का जत्रेत मेला म्हनून? मला पैसे नको. मला ता कागद पायजे. मी दारावर चिकटवीन."

चौथ्या दिवशी हम्मादला ऑफिसात बोलावलं. मोठा साहेब, गोरा, उंच, टेबलामागे. बाजूला सुबोध. साहेब खूप बोलला. इब्राहीमसारखा माणूस होणे नाही, कुटुंबातलाच होता, त्याचा पाव आयर्लंडात मिळत नाही असा. मेल्या म्हशीला मणभर दूध. जिवंत होती तेव्हा सहा वर्षं रजेला फिरवली. मग साहेबाने एक कागद पुढे सरकवला, भावाची सही पाहिजे, फाइल बंद करायची.

हम्मादचं इंग्रजी म्हणजे बसच्या पाट्या वाचण्यापुरतं. पण तो कागद त्याने बोट ठेवून ठेवून वाचला. दोन शब्द त्याला ओळखता आले. एक 'ऑफ ड्युटी'. दुसरा 'व्हॉलंटियर', आणि त्याच्या पुढे 'सेलिब्रेशन'.

"हे काय लिहिलंय, सुबोधसाहेब?"

"अहो, फॉरमॅलिटी आहे, हम्मादभाई. दोननंतर ते ड्युटीवर नव्हते ना, तेवढंच. त्यांची स्वतःची सही आहे त्या यादीवर."

"त्यानं सकाळी तुम्हाला नाही म्हटलेलं."

"हो, पण नंतर ते स्वतःच..." सुबोधने चष्मा पुसला. "तुम्हाला माहितीय त्यांना किती हौस होती. दरवर्षी कोण लावायचं? मी तर कधी सांगितलंसुद्धा नाही."

"दरवर्षी नाही सांगितलं. ह्या वर्षी सांगितलं."

"हम्मादभाई, गेलेलं माणूस परत येत नाही. कशाला कडू करता? हा कागद असाच असू दे. तुमचा स्वतःचा इकामा आहे, बस आहे, पोरंबाळं आहेत."

"भाबीला काय सांगू? जत्रेत मेला?"

साहेब एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. त्याने पेन उचलून हम्मादपुढे धरला, अगदी अदबीने.

हम्मादने पेन घेतला. सहीच्या जागेवर त्याने मराठीत लिहायला सुरुवात केली. सातवी पास माणूस, वीस वर्षांत बसच्या नंबरांशिवाय काही लिहिलेलं नाही. वेळ लागला. अक्षर ओळीबाहेर गेलं, छापील मजकुरावर गेलं, तरी लिहीत राहिला. 'माझा भाऊ इब्राहीम दोन नंतर पण कामावर होता. त्याने नाही म्हटले होते. सुबोधने सांगितले म्हणून शिडीवर चढला. रोजा सोडला नाही. हम्माद.'

साहेबाने कागद घेतला. उलटा-सुलटा बघितला. त्या ऑफिसात ते वाचू शकणारा एकच माणूस होता. साहेबाने त्यालाच विचारलं, काय लिहिलंय?

सुबोधने वाचलं. दोनदा वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तो हळू आवाजात म्हणाला, "इट्स अ प्रेयर, सर. फॉर हिज ब्रदर."

साहेबाने लगेच छातीवर हात ठेवला, मान खाली घातली.

हम्मादला इंग्रजी येत नाही असं सुबोधला वाटत होतं. पण प्रेयर हा शब्द सौदीत कोणाला येत नाही? दिवसातून पाच वेळा प्रत्येक दुकानाच्या दारावर 'क्लोज्ड फॉर प्रेयर' ही पाटी लागलेली त्याने वीस वर्षं बघितली होती.

"नो प्रेयर," हम्माद म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. बाहेरचा क्लार्क दारात येऊन उभा राहिला. हम्मादने कागदावर बोट आपटलं, स्वतःच्या अक्षरावर. "नो प्रेयर. ड्युटी. माय ब्रदर, ड्युटी." मग सुबोधकडे बोट केलं. "ही नो. ही रीड. आस्क."

साहेबाचा छातीवरचा हात खाली आला. त्याने कागद फिरवून सुबोधच्या पुढे ठेवला, म्हणाला, पुन्हा वाच, एकेक शब्द, आणि क्लार्कला लिहून घ्यायला सांगितलं.

सुबोधने घसा साफ केला. हम्माद मग खुर्ची ओढून बसला. इतका वेळ त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं.